खुल्या नियमांवर पुस्तिका बांधताना : प्रकल्प नोंदी

9 फेब्रुवारी 2025

प्रकल्पाची व्याप्ती आज निश्चित केली. टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळासाठी (ज्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो) मराठीत नियमांची एक छोटी पुस्तिका, तिला जोडून एक साहसकथा आणि मोजक्या प्राण्यांची यादी, एवढेच काम हाती घ्यायचे आहे. पुस्तिका विनामूल्य मिळेल. पण त्याहून महत्त्वाची अट अशी, की ती ज्याच्या हाती पडेल त्याला आम्हाला न विचारता ती बदलता, छापता आणि वाटल्यास विकताही आली पाहिजे. या छंदात प्रत्येक गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, आपल्या गटासाठी नियमांत फेरफार करतोच, त्यामुळे ज्या पुस्तकातले फेरफार वहीतच ठेवावे लागतात ते पुस्तक हौशी माणसाच्या निम्म्याच उपयोगाचे, असे माझे मत आहे.

कायद्याची बाजू आधीच लिहून ठेवतो. अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या कलम 102(ब) नुसार कल्पना, कार्यपद्धती किंवा प्रणाली यांवर कॉपीराइट लागू होत नाही, तो लागू होतो त्यांच्या मांडणीला. वीस बाजूंचा फासा टाकून त्यात गुणांक मिळवायचा, ही रीत कोणाच्या मालकीची नाही. ती समजावून सांगणारा परिच्छेद मात्र कोणाच्या तरी मालकीचा असतो. मग परवाना हवाच कशाला, हा प्रश्न आमच्या बैठकीतही निघाला. रीत कुठे संपते आणि मांडणी कुठे सुरू होते ही रेषा रोलप्लेइंग खेळात फार पुसट असते, आणि ती न्यायालयात ठरवून घेण्याइतका पैसा हौशी लेखकाजवळ नसतो, हे त्याचे उत्तर. 1990 च्या दशकात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळाची तेव्हाची मालक कंपनी टीएसआर हिने इंटरनेटवर साहसकथा आणि नियम टाकणाऱ्या चाहत्यांवर निर्बंध आणायला सुरुवात केली, तेव्हा बहुतेकांनी कायद्याचा कीस न पाडता मजकूर काढून टाकणेच पसंत केले. खुला परवाना हौशी माणसाला हक्कापेक्षाही निर्धास्तपणा देतो.

16 फेब्रुवारी 2025

पाया कोणता घ्यायचा हे ठरवण्यापूर्वी ओपन गेम लायसन्स, म्हणजे ओजीएल, मूळ मजकुरातून पुन्हा वाचून काढले. 1997 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली आणि 2000 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर हा परवाना आणला. त्यामागे विझार्ड्समधल्या रायन डॅन्सी यांचा युक्तिवाद होता, की इतर प्रकाशकांनी पूरक साहित्य काढले तर मूळ नियमपुस्तकाचाच खप वाढतो. मुक्त सॉफ्टवेअरची प्रेरणा त्यांनी कधी लपवली नाही. त्या वर्षीच्या जेन कॉन मेळाव्यात तिसऱ्या आवृत्तीचे खेळाडू-पुस्तक आले तेव्हाच ग्रीन रोनिन आणि अ‍ॅटलस गेम्स या इतर प्रकाशकांच्या साहसकथाही विक्रीला होत्या.

परवान्याची रचना हुशारीची आहे. पुस्तकातला काही भाग ‘खुला’ आणि काही भाग ‘प्रॉडक्ट आयडेंटिटी’, म्हणजे राखीव, असे वेगळे दाखवायचे. खुला भाग कोणीही उचलावा, राखीव भागाला हात लावू नये. कलम 15 खाली ज्या ज्या पुस्तकातून मजकूर घेतला त्या प्रत्येकाची कॉपीराइट नोंद उतरवत जायची, त्यामुळे वापरात फिरलेल्या एखाद्या प्राण्याची पूर्ण वंशावळच पुस्तकाच्या शेवटच्या पानावर वाचायला मिळते. देवाणघेवाण एकतर्फीही राहिली नाही. 2002 मधल्या विझार्ड्सच्याच ‘मॉन्स्टर मॅन्युअल 2’ या पुस्तकात दुसऱ्या प्रकाशकाच्या खुल्या मजकुरातून घेतलेले दोन प्राणी आहेत.

हौशी मंडळींच्या दृष्टीने याचे सर्वांत मोठे फळ मला पुढच्या काळात दिसते. 2006 मध्ये ‘ऑस्रिक’ हे नियमपुस्तक आले. तिसऱ्या आवृत्तीचा खुला संदर्भ-मजकूर, म्हणजे एसआरडी, वापरून त्याच्या कर्त्यांनी छपाईतून गेलेल्या जुन्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीचे नियम नव्या शब्दांत उभे केले. पाठोपाठ ‘लॅबिरिंथ लॉर्ड’, ‘बेसिक फँटसी’, ‘स्वोर्ड्स अँड विझार्ड्री’ आले. कंपनीला ज्या खेळांत रस उरला नव्हता ते खेळ खेळाडूंनी स्वतः जिवंत ठेवले, आणि ते शक्य झाले कारण ‘आर्मर क्लास’, ‘हिट पॉइंट’ (पात्र किती मार सोसू शकते तो आकडा) अशा रूढ संज्ञा निर्धास्तपणे वापरण्याची सोय परवान्याने केली होती.

या परवान्याची एक किंमतही होती, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. कलम 7 नुसार परवाना घेणारा असे कबूल करतो, की दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी आपले पुस्तक जुळते असा उल्लेख तो स्वतंत्र करार असल्याखेरीज करणार नाही. परवाना न घेणाऱ्याला मात्र असा खरा उल्लेख करण्याची मुभा कायदा बऱ्याचदा देतो. म्हणजे हातात असलेला एक हक्क सोडून निर्धास्तपणा विकत घ्यायचा. तो सौदा अनेकांना परवडला, पण तो सौदा होता हे स्पष्ट लिहायला हवे.

23 फेब्रुवारी 2025

आज फक्त जानेवारी 2023. या एका महिन्यामुळेच आमच्या पुस्तिकेचा पाया बदलला आहे, म्हणून तपशिलात लिहितो.

जुन्या ओजीएलच्या कलम 4 मध्ये ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आहे. ‘मागे न घेता येणारा’ हा शब्द संपूर्ण परवान्यात कुठेही नाही. कलम 9 म्हणते, की परवान्याच्या कोणत्याही ‘अधिकृत’ आवृत्तीखाली खुला मजकूर वापरता येईल. तब्बल 22 वर्षे सगळ्यांनी याचा अर्थ असा लावला, की नवी आवृत्ती गैरसोयीची आली तर जुनी हाताशी आहेच. डॅन्सी यांनीही हेतू तोच असल्याचे सांगितले होते. 5 जानेवारी 2023 रोजी आयओ9 या संकेतस्थळाने नव्या 1.1 आवृत्तीचा फुटलेला मसुदा बातमीतून समोर आणला, आणि त्यात जुनी आवृत्ती यापुढे ‘अधिकृत’ नसल्याचे म्हटले होते. साडेसात लाख डॉलरच्या वरच्या वार्षिक उत्पन्नावर 25 टक्क्यांपर्यंत स्वामित्वशुल्क, पन्नास हजार डॉलरच्या वर उत्पन्न कळवण्याची सक्ती, परवानाधारकाचे साहित्य कंपनीला कायमचे आणि विनामोबदला वापरण्याची मुभा, आणि 30 दिवसांच्या सूचनेवर परवाना बदलण्याचा वा संपवण्याचा अधिकार, अशी त्यातली मुख्य कलमे होती.

शुल्काचे आकडे वाचून अनेकांनी म्हटले, की याचा फटका मोठ्या प्रकाशकांनाच बसेल, हौशी लेखकाला नाही. मला हे कधीच पटले नाही. हौशी लेखक साडेसात लाखांच्या जवळपासही जात नाही हे खरे; पण 30 दिवसांत परवाना संपू शकतो हे कळल्यावर दोन वर्षे रात्री जागून एखादे पुस्तक लिहायला कोण बसेल? मोठ्या प्रकाशकाकडे वकील असतो, पर्यायी नियमावली लिहिण्याइतकी माणसे असतात. पायझो या प्रकाशकाने 12 जानेवारीला ओआरसी या नव्या परवान्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी आपल्या ‘पाथफाइंडर’ खेळाचे नियम ओजीएलच्या मजकुरापासून सोडवून घेतले. ज्याने आपल्या फावल्या वेळात एका गुहेचा नकाशा आणि चार प्राणी लिहून टाकले होते, त्याच्याजवळ मजकूर काढून टाकण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

विझार्ड्सने 19 जानेवारीला 1.2 चा मसुदा प्रतिक्रियांसाठी ठेवला. त्याबरोबरच्या धोरणात आभासी टेबलावर (ऑनलाइन खेळायच्या सॉफ्टवेअरवर) ‘मॅजिक मिसाइल’ हा मंत्र लक्ष्याकडे झेपावताना अ‍ॅनिमेशनने दाखवणे चालणार नाही असे उदाहरणच दिले होते, आणि परवाना नियमांच्या मजकुरापलीकडे किती लांब हात घालू शकतो हे त्यातून दिसले. पंधरा हजारांहून अधिक लोकांनी मते कळवली. 88 टक्के लोकांनी 1.2 खाली प्रकाशन करण्याची इच्छा नसल्याचे सांगितले. 27 जानेवारीला कंपनीने माघार घेतली, जुना परवाना तसाच ठेवला आणि पाचव्या आवृत्तीच्या एसआरडी 5.1 चा सगळा, सुमारे चारशे पानांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश 4.0 परवान्याखाली, म्हणजे सीसी-बाय खाली, खुला केला.

8 मार्च 2025

पाया ठरला : एसआरडी 5.1, सीसी-बाय 4.0 खाली.

या परवान्यात ‘मागे न घेता येणारा’ हा शब्द स्पष्ट आहे. परवाना देणाऱ्याला उद्या तो मजकूर आपल्याकडून देणे थांबवता येईल, पण ज्यांनी तो घेतला त्यांचा हक्क त्याने संपत नाही. भाषांतराला परवानगी आहे, आणि ती आमच्यासाठी कळीची आहे, कारण भाषांतर म्हणजे साधित कृती आणि ती करण्याचा हक्क एरवी मूळ मालकाकडेच असतो. शिवाय हा परवाना विझार्ड्सने लिहिलेला नाही. त्याची नवी आवृत्ती काढणे त्यांच्या हातात नाही.

पायझोने घोषित केलेल्या ओआरसी परवान्याचाही गंभीरपणे विचार केला. तो 2023 च्या जूनमध्ये अंतिम झाला, मागे घेता येत नाही, आणि रोलप्लेइंग खेळ समोर ठेवूनच लिहिलेला आहे : नियम आपोआप खुले होतात, कथानक, पात्रे, चित्रे राखीव राहतात. त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. कोणी खुल्या नियमांवर नवा नियम बांधला तर तो नियमही खुला ठेवावाच लागतो, दडवून ठेवता येत नाही. मात्र आम्हाला हवा असलेला मजकूर सीसी-बाय खाली उपलब्ध आहे, आणि दोन परवान्यांचा सांभाळ करण्याइतकी माणसे आमच्याकडे नाहीत.

चाहत्यांसाठीच्या धोरणांवर विसंबायचे नाही, हेही ठरले. अनेक कंपन्या विनामूल्य चाहता-साहित्याला परवानगी देणारे धोरण जाहीर करतात आणि त्यातली बरीचशी सद्भावनेनेच केलेली असतात. पण धोरण ही परवानगी आहे आणि ती देणारा ती बदलू शकतो. पुस्तिका दुसऱ्याला पुढे देता यावी हाच हेतू असेल तर असा आधार पुरत नाही.

22 मार्च 2025

उगमवही सुरू केली. पुस्तिकेतल्या प्रत्येक परिच्छेदासमोर तो कुठून आला, कोणत्या परवान्याखाली आणि आम्ही त्यात काय बदलले, हे लिहायचे. काम कंटाळवाणे आहे, तरी ते पुढे ढकलायचे नाही.

5 एप्रिल 2025

मंत्रांचे प्रकरण उतरवून झाले. छापील पुस्तक हाताशी ठेवून काम करणे बंद केले आहे, कारण तेच नियम एसआरडीत वेगळ्या नावांनी येतात आणि नेमके ते वेगळेपणच महत्त्वाचे आहे. छापील पुस्तकात ‘मेल्फ्स अ‍ॅसिड अ‍ॅरो’ असा मंत्र आहे, एसआरडीत नुसता ‘अ‍ॅसिड अ‍ॅरो’. ‘लिओमंड्स टायनी हट’चा ‘टायनी हट’ होतो, ‘बिगबीज हँड’चा ‘आर्केन हँड’. मेल्फ, लिओमंड, बिगबी ही कंपनीच्या जगातली पात्रे, म्हणून ती मागे ठेवून मंत्राचे काम तेवढे खुले केले आहे. आठवणीने लिहिणारा जुना खेळाडू इथे सहज चुकू शकतो. नाव जिभेवर असते आणि ते आपल्या मालकीचे नाही हे ध्यानातही येत नाही.

एसआरडी म्हणजे पूर्ण खेळ नव्हे, हेही पानोपानी जाणवते. प्रत्येक वर्गाला (योद्धा, जादूगार अशा पात्रप्रकाराला) एकच उपवर्ग आहे, पार्श्वभूमी म्हणून फक्त ‘अ‍ॅकोलाइट’, आणि ‘फीट’, म्हणजे पात्राचे खास कौशल्य, एकच, ‘ग्रॅपलर’. सुरुवातीला ही उणीव वाटली. आता वाटते, की ही रिकामी जागाच हौशी लेखकाची जागा आहे : आम्ही नव्या पार्श्वभूमी स्वतः लिहिल्या आणि पुस्तिकेतला सर्वांत जिवंत भाग तोच झाला आहे.

26 एप्रिल 2025

या आठवड्यात, 22 एप्रिलला, पाचव्या आवृत्तीच्या सुधारित नियमांवरचे एसआरडी 5.2 सीसी-बाय खालीच प्रसिद्ध झाले. दोन्हींचा परवाना एकच असल्याने मजकूर मिसळायला आडकाठी नाही. तरीही पहिल्या आवृत्तीपुरते 5.1 वरच राहायचे, कारण नियमांची भाषा दोन ठिकाणची झाली तर नव्या खेळाडूचा गोंधळ उडेल. कंपनीने पुन्हा हाच परवाना निवडला, ही चांगली गोष्ट झाली आणि ती तशी नोंदवणे योग्य आहे.

17 मे 2025

साहसकथेत दलदलीतला एक प्राणी हवा होता आणि सहकाऱ्याने तो तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित रूपाच्या, म्हणजे 3.5 च्या, काळातल्या एका ओजीएल पुस्तकातून सुचवला. प्राणी उत्तम आहे, मजकूरही खुला आहे. पण ओजीएलखाली खुला असलेला मजकूर सीसी-बाय खाली आणता येत नाही. तो घ्यायचा तर ओजीएलचे सगळे कलम, कलम 15 ची यादी आणि कलम 7 चे बंधनही पुस्तिकेत येणार. खुल्या मजकुराचा एवढा मोठा साठा एका परवान्याच्या आवारात राहिला आहे आणि दुसऱ्या परवान्यावर काम करणाऱ्याला तो दिसतो पण उचलता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यातले अनेक लेखक आता हा छंद सोडून गेले आहेत. त्यांच्याकडून नव्याने परवानगी मिळवण्याची शक्यता जवळपास नाही.

निर्णय असा : तो प्राणी घ्यायचा नाही आणि त्याचे नाव, वर्णन, आकडे यांपैकी काहीही समोर ठेवून लिहायचे नाही. चिखलाखालून पावलांची कंपने ओळखणारा प्राणी, एवढी कल्पना सर्वांची आहे. ज्याने मूळ पुस्तक वाचलेले नाही अशा सदस्याने तिच्यावरून नवा प्राणी लिहिला. आमचा प्राणी स्थिर उभ्या माणसाला पाहू शकत नाही, त्यामुळे लढाईत हलायचे की थांबायचे हा प्रश्न प्रत्येक फेरीत खेळाडूंपुढे येतो. चाचणीच्या खेळात हा प्रसंग रंगला.

7 जून 2025

नकाशे. चित्रकार सदस्याने पूर्वी काढलेले नकाशे अव्यावसायिक वापरापुरत्या परवान्याखाली होते. ते तिचे स्वतःचे असल्याने तिने ते सीसी-बाय खाली पुन्हा दिले. पण दोन नकाशांतली झाडे आणि पुलांची चिन्हे दुसऱ्या कोणाच्या अव्यावसायिक संचातली निघाली. ती तिने नव्याने काढली. ‘अव्यावसायिक’ ही अट ऐकायला निरुपद्रवी असते, मात्र छपाईखर्च वसूल करणाऱ्या गटाला किंवा वर्गणी घेणाऱ्या मंडळाला ती लागू होते का, याचे निश्चित उत्तर कोणी देत नाही, आणि मग तोच जुना धाकधुकीचा खेळ सुरू होतो.

29 जून 2025

आमची पुस्तिका कोणत्या परवान्याखाली द्यायची, यावर एकमत झाले नाही. एका सहकाऱ्याचा आग्रह सीसी-बाय-एसएचा होता : जो आमच्या मजकुरावर काम करील त्याने आपले कामही त्याच अटींवर खुले ठेवावे. त्याने ‘बेसिक फँटसी’चे उदाहरण दिले. स्वयंसेवकांनी चालवलेल्या त्या खेळाने 2023 च्या चौथ्या आवृत्तीत एसआरडीचा मजकूर वगळून बाय-एसए स्वीकारले, आणि त्यामुळे तिथे होणारी प्रत्येक सुधारणा सर्वांची राहते. हा युक्तिवाद भक्कम आहे आणि मी तो खोडून काढला असे म्हणणार नाही.

तरी बहुमताने साधे सीसी-बाय ठरले. बाय-एसए खालचा मजकूर ओआरसीवर काम करणाऱ्याला मिसळता येत नाही, म्हणजे मे महिन्यात आम्ही ज्या कुंपणापाशी अडलो तसेच एक कुंपण आम्हीही घातले असते. कोणी आमचे नियम घेऊन बंद पुस्तक विकले तर आमची प्रत खुलीच राहते, आणि नवशिक्या लेखकाला ‘माझ्या कथेलाही तीच अट लागते का’ हा प्रश्न पडणे मला जास्त नुकसानीचे वाटते. सहकाऱ्याचे मत त्याच्याच शब्दांत प्रकल्पाच्या कागदपत्रांत ठेवले आहे.

19 जुलै 2025

श्रेयपान पूर्ण झाले. एसआरडी 5.1 मध्ये श्रेयाचे नेमके वाक्य दिलेले आहे आणि विझार्ड्सविषयी याखेरीज दुसरा श्रेयोल्लेख करू नये अशी सूचनाही आहे, म्हणून ते वाक्य जसेच्या तसे घेतले. त्याखाली मजकूर अनुवादित, संक्षिप्त आणि जागोजागी बदललेला असल्याची नोंद केली, कारण बदल केल्याचे सांगणे ही परवान्याची अटच आहे. मुखपृष्ठावर ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ एवढेच शब्द येतील. तेवढ्याला एसआरडीतच परवानगी दिलेली आहे. बोधचिन्ह किंवा ट्रेडमार्क कुठेही नाही, कारण सीसी-बाय ट्रेडमार्कचा हक्क देत नाही.

16 ऑगस्ट 2025

पुस्तिका बाहेर पडल्यानंतर एका गटाने ती बदलून आम्हाला पाठवली. त्यांनी जादू पूर्ण काढून टाकली आहे आणि साहस एका बंद पडलेल्या अवकाशयानात नेले आहे. आधी परवानगी विचारली नाही, आणि विचारण्याची गरजही नव्हती. त्यांच्या श्रेयपानावर एसआरडीचे वाक्य होते, आमचे नाव होते, पण बदल केल्याचा उल्लेख राहिला होता. सीसी-बाय खाली अशी त्रुटी कळल्यापासून 30 दिवसांत सुधारली की हक्क आपोआप पूर्ववत होतो, हे त्यांना कळवले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळ घातली.

त्यांचा जखमांचा नियम आमच्यापेक्षा चांगला आहे. आमच्याकडे हिट पॉइंट शून्यावर आलेले पात्र फासे टाकत पडून राहते. त्यांच्याकडे ते एक शेवटची कृती करू शकते, पण त्याबदल्यात कायमची एक खूण अंगावर घेते. त्यांनीही आपले काम सीसी-बाय खाली दिले असल्याने हा नियम दुसऱ्या आवृत्तीत घेत आहोत. उगमवहीत त्यांच्या गटाच्या नावाची नोंद केली आहे, श्रेयपानावर ओळ वाढवली आहे, आणि दलदलीच्या प्रसंगाचे आकडे या नियमाप्रमाणे पुन्हा तपासायचे काम चाचणी गटाकडे दिले आहे.